जासईची सही

आमच्या प्रभाग कार्यालयात जिना चढून गेलं की डाव्या हाताला एक मोठा फलक लावलेला आहे. घरदुरुस्ती योजनेचा. त्यावर एका घराचा फोटो आहे. निळं दार, नवं छप्पर, आणि दाराशी पाटी धरून उभी असलेली तीन माणसं. खाली योजनेचं नाव, त्याखाली एका साहेबांचं नाव, त्याखाली दुसऱ्या साहेबांचं. फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर दिसतं. बाही दुमडलेली, कोपराला सिमेंट लागलेलं. ते कोपर माझं आहे.

मूळ फोटोत मी पुरता होतो. फलक करताना मला कापलं. तिथल्या लिपिकाला विचारलं तर म्हणाला, "माने, फ्रेममध्ये बसत नव्हतं."

"साहेबांची नावं बसली ती?"

त्यानं चहा मागवला. मी प्यायलो नाही.

आता मी कामं बंद केली आहेत, गुडघे साथ देत नाहीत. पण जिन्यावरून जाताना ते कोपर पाहिलं की अजून डोकं तापतं. आयुष्यभर मी दोनच गोष्टींवर जगलो, भाव करणं आणि भांडणं. मूळचा माण तालुक्यातला. महाप्याला कंपन्यांच्या शेड उभ्या राहत होत्या तेव्हा तिथे लाद्या वाहायला लागलो. मग लाद्या बसवायला शिकलो, मग गिलाव्याला, मग स्वतःची चार माणसं घेऊन दुरुस्तीची कामं. हार्डवेअरवाल्याशी मी पायरी उतरून दोनदा परत यायचो आणि तिसऱ्यांदा उतरलो की तो हाक मारायचा. वडिलांनी मला काही शिकवलं नाही, शेठनं काही दिलं नाही. जे आहे ते घासाघीस करून मिळवलेलं आहे, आणि मला त्याची लाज नाही.

योजना काय होती ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. नवी मुंबई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टॉवर येतात. टॉवरांच्या मधे मधे जुनी गावं आहेत, हे त्यातल्याच टॉवरमध्ये राहणाऱ्यांना कधी कधी माहीत नसतं. गाववाले सगळे चाळी बांधून भाडी खातात असाही एक समज आहे. काही खातात. पण ज्यांच्या जमिनीचं वाटण्यांत आणि कोर्टात वाटोळं झालं, त्यांची घरं बापानं बांधली तशीच राहिली. मातीच्या भिंती, कौलं, वाळवी लागलेले वासे. अशा घरांसाठी पालिका थोडं अनुदान द्यायची आणि बाकीचं कर्ज कमी व्याजानं. घर पाडून इमारत बांधायची नाही, आहे तेच राहण्याजोगं करायचं. काम यादीतल्या ठेकेदारानं करायचं. त्या यादीत मी होतो.

नियम तीन. एक, मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत घराच्या एका विटेला हात लावायचा नाही, लावला तर अर्ज बाद. दोन, घरपट्टी बहुधा मेलेल्या बापाच्या नावावर असते, म्हणून सगळ्या वारसांचे कागद हवेत. तीन, पैसे टप्प्याटप्प्यानं, आणि प्रत्येक टप्प्याला घरमालकाचा फोटो, हातात नाव आणि अर्जाचा नंबर लिहिलेली पाटी धरून.

ही पाटी फार छळायची. एका म्हातारीनं ती धरायलाच नकार दिला. "पाटी धरून फोटो चोराचा काढतान," ती म्हणाली, "आमी काय चोर हाव?" शेवटी पाटीला कुंकू लावलं, वर नारळ ठेवला, तेव्हा तिनं ती पूजेच्या ताटासारखी धरली. दुसरा एक गृहस्थ प्रत्येक टप्प्याला दाढी करून कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. तो आला की इंजिनीअर म्हणायचे, "हा गरजू वाटत नाही हो." मी त्याला समजावलं, तर तो म्हणाला, "भिंत पडकी हाय, मी नाय."

काम काही अवघड नव्हतं. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा टिकत नाही, दोन पावसाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो, एवढं कळलं की निम्मं काम आलं. माझं खरं काम सह्या आणणं. भाऊ सही द्यायला भांडायचे. बहिणी भांडायच्या नाहीत. मी एक बरीशी साडी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्या सासरी जायचो, कागद पुढे करायचो. मग एक दिवस गाडी करून तिला निबंधकाच्या कचेरीत न्यायचं, परतताना चांगल्या हॉटेलात जेवण. संपलं. गावागावांतले भाऊ म्हणायचे, माने घ्या, माने बहिणी आणतो.

हे मी तेव्हा अभिमानानं सांगायचो.

नावड्याच्या दामोदर म्हात्रेचं घर माझ्याकडे आलं तेव्हा त्याची मागची भिंत पोट काढून उभी होती. दामोदर तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेला, बोलायला कमी. घरात बायको जनाबाई, मुलगा, आणि सून पोटुशी. झोपायला सगळे त्या मागच्या भिंतीलगतच, कारण पुढच्या खोलीत छपरातून माती गळायची. शेजारच्या प्लॉटवर इमारतीच्या पायाचं मशीन चालू होतं. ते धाड धाड सुरू झालं की फडताळातली भांडी वाजायची. जनाबाईनं मला भिंतीतली चीर दाखवली. मी त्यात दोन बोटं घातली, ती आत गेली.

"माने, बालंतपन या घरान कराचा का नाय, येवढा सांगा," ती म्हणाली.

मी म्हटलं, "वहिनी, पंधरा दिवसांत मंजुरी आणतो."

एकच सही बाकी होती. दामोदरचं एकुलतं भावंड, थोरली बहीण हिराबाई, जासईला दिलेली. मी साडी घेतली आणि निघालो.

जासईच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग असते. त्या रांगेकडे तोंड करून हिराबाईची खानावळ. नवरा गेल्यावर तिनंच उभी केलेली. ड्रायव्हर लोक बाकांवर जेवत होते आणि ती एकाला सांगत होती की भात दुसऱ्यांदा मिळेल, मासळी नाही. मी ओळख सांगितली. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि बाकावर बसून कागद वाचायला घेतला. मला हे नवीन होतं. कागद कोणी वाचत नसे.

"तुला दामूनं पाठवला?"

"हो. घर दुरुस्तीला काढलंय. तुमची एक सही हवी."

"दामूला पाय नाय?"

मी म्हटलं, त्यांना बरं नाही. ते खोटं होतं.

ती पुन्हा वाचू लागली. बराच वेळ. मग बोट ठेवून म्हणाली, "यान घर दुरुस्त कराचा कुठं लिवलाय? मी सगला वाचला. यान लिवलाय का मना त्या घरान कायबी हक्क नाय."

"ताई, सगळ्या बहिणी हाच कागद देतात."

"सगल्या वाचतान?"

मी पेन पुढे केलं.

"नि यो माण तालुका कुठून आला? चौथ्या कलमान. आमचा घर नावड्याला हाय."

"टायपिस्टची चूक आहे," मी म्हणालो. मग डोकं सटकलं. इतक्या उन्हातून आलो होतो, मागे भिंत पडत होती आणि ही बाई कलमं वाचत होती. मी म्हटलं, "किती हवेत ते बोला, ताई. सरळ आकडा सांगा."

आयुष्यातला सगळ्यात चुकीचा भाव मी तिथे केला. तिनं कागदाची घडी घातली, साडीवर ठेवली आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

"भाव मी रोज करते. भाताचा. बापाच्या घराचा नाय करत. जेवलास का?"

"नाही."

"जेव नि जा."

मी जेवलो. उठताना तिनं माझ्याकडून ताटाचे पैसे घेतले, ड्रायव्हरांकडून घेत होती तेवढेच.

आता जे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. योजनेला हक्कसोड लागतच नव्हती. अर्जासोबत एका पानाचा संमतीचा नमुना असायचा. त्यात वारसानं एवढंच लिहायचं, की घराची दुरुस्ती करायला माझी हरकत नाही. हक्क जिथल्या तिथे राहायचा. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण संमती दिलेला माणूस मधेच फिरू शकतो आणि काम अडकू शकतं. हक्क सोडलेला माणूस फिरू शकत नाही. भावांनाही तेच हवं असायचं, एका सहीत कायमचं मिटलेलं. म्हणून मी सरसकट हक्कसोड न्यायचो, आणि सांगायचो दुरुस्तीचा कागद आहे.

दामोदरला मी सांगितलं, तुम्ही स्वतः जा. तो म्हणाला, "मी नाय जायचा."

कारण जनाबाईनं सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की घराला खोली जरी वाढवली तरी घरभरणीला पहिली पाण्याची घागर बहीण आत आणते. मागची खोली बांधली तेव्हा दामोदरचं आणि हिराबाईच्या नवऱ्याचं कशावरून तरी वाजलं होतं. यानं बहिणीला बोलावलंच नाही. घागर जनाबाईच्या भावजयीनं आणली. तेव्हापासून हिराबाई या दारात आली नव्हती, आणि हा त्या दारात गेला नव्हता.

दोन दिवसांनी पायाच्या मशीननं भिंत आणखी हलली. मी गेलो तेव्हा सून अंगणात खुर्चीवर बसली होती आणि आत जायला घाबरत होती. मी टेम्पो बोलावला, सहा लाकडी बल्ल्या आणि फळ्या आणल्या, भिंतीला टेकू दिला. नियम मला पाठ होता. पण ती बाई अंगणात बसलेली मला बघवली नाही.

आणि तिसऱ्या दिवशी पाहणीला कदम मॅडम आल्या. पालिकेच्या इंजिनीअर, वयानं माझ्या मुलीएवढ्या, कामाला चोख. बल्ल्या पाहून थांबल्या.

"माने, मंजुरीआधी काम?"

"मॅडम, हे काम नाही. टेकू आहे."

"मला बांधकाम साहित्य दिसतंय. मी काय लिहू?"

"भिंत तुमच्या नियमाला विचारून पडणार आहे का?" इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. पुढे जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण लिहिणारा हात थांबला नाही. त्यांनी लिहिलं, 'मंजुरीपूर्वी काम सुरू केल्याचे आढळले.' आठ दिवसांत खुलासा द्या, म्हणाल्या, नाहीतर अर्ज बाद.

त्यांची बाजू मला आज कळते. काही ठेकेदार आधीच झालेल्या घरांवर अनुदान उचलायचे. नियम त्यांच्यामुळे होता. पण त्या दिवशी मी अंगणात उभा राहून फक्त ओरडत होतो, आणि दामोदर भिंतीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात आला. "तुमची गाडी हाय?" एवढंच बोलला. मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि जासईला नेलं. साठीचा माणूस, पण वाटेत त्यानं माझा खांदा घट्ट धरला होता.

खानावळीत हिराबाई तांदूळ निवडत होती. दामोदर बाहेरच उभा राहिला, चपला काढून.

"बाय," तो म्हणाला, "भित पडते."

तिनं वर पाहिलं. किती वर्षांनी भाऊ समोर होता. मला वाटलं आता रडणार, नाहीतर शिव्या देणार.

"कंची? मागची? ती मना न बोलावता बांधलीस, ती पडनारच," ती म्हणाली. "बस. भात झालाय."

जेवताना मी तिला सगळं सांगितलं. बल्ल्या, मॅडम, खुलासा. कबूलही केलं की माझा कागद चुकीचा होता, हक्क न सोडता नुसत्या संमतीनं भागतं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. तिनं माझ्या पानात भात वाढला. मग म्हणाली, "म्हंजे मी अजून सही केलेली नाय."

"नाही."

"म्हंजे अर्धा घर माजा हाय."

"कायद्यानं, हो."

"मंग त्या बल्ल्या तू मना भाड्यानं दे. पयल्या दिवसापासून. किती घेतोस?"

मला काही कळेना. मी आकडा सांगितला. ती हसली आणि निम्मा म्हणाली. मी बल्ल्यांची लांबी सांगितली, टेम्पोचं भाडं सांगितलं. ती म्हणाली वापरलेल्या असतील, कीड असेल. मी उठून पायरी उतरलो. तिनं हाक मारली नाही. मलाच परत यावं लागलं. माझ्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. निम्म्यावर सौदा ठरला, तिनं गल्ल्यातून पैसे मोजून दिले आणि माझ्याकडून पावती लिहून घेतली.

कदम मॅडम पुन्हा पाहणीला आल्या तेव्हा हिराबाई दारात उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर.

"या बल्ल्या माज्या हायेत," तिनं सांगितलं.

"तुम्ही कोण?"

"घरपट्टीवर ज्याचा नाव हाय त्याची थोरली पोरगी. मी सही दिलेली नाय, म्हंजे माजा हिस्सा हाय. माजा हिस्सा पडत होता, मी टेकू दिला. ही बघा पावती. दामूचा काम सुरू नाय झाला. दामूनं कुदल पन उचललेली नाय, विचारा त्याला."

मॅडमनी पावती उलटसुलट पाहिली. मग माझ्याकडे वळल्या. "माने, हे तुम्ही शिकवलंत?"

"मॅडम, मला हे सुचलं असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो का?"

त्या पहिल्यांदा हसल्या. त्यांनी आधीच्या शेऱ्याखाली लिहिलं, की सहहिस्सेदारानं सुरक्षेसाठी तात्पुरता आधार दिलेला आहे, अर्जदाराचं काम सुरू झालेलं नाही. मग हिराबाईनं संमतीचं एक पान मागून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सही केली. पहिली हक्कसोड तिनं माझ्याकडून परत मागितली.

"कशाला?"

"चुलीला," ती म्हणाली.

मंजुरी आली. भिंत आम्ही उतरवली आणि विटांची केली, छप्पर बदललं, दामोदरनं दाराला निळा रंग निवडला. सून नव्या खोलीत बाळंत झाली, मुलगी. घरभरणीला हिराबाई डोक्यावर घागर घेऊन आली आणि त्या उंबऱ्यावरून आत गेली. दामोदरनं तिची घागर उतरवून घेतली. तो ती घागर बराच वेळ धरून उभा होता.

शेवटच्या टप्प्याचा फोटो त्याच दिवशी काढला. पाटी मी लिहिली. आधीच्या सगळ्या पाट्यांवर एक नाव होतं. या पाटीवर मी दोन लिहिली, दामोदर आणि हिराबाई. नियमात बसत नव्हतं, तरी मॅडमनी तो फोटो घेतला. दामोदर, जनाबाई आणि मधे पाटी धरून हिराबाई. तिनं मला हाक मारली, "माने, तू पन ये. बल्ल्या तुज्या व्हत्या." मी जाऊन कडेला उभा राहिलो.

मॅडमनी माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल वर अहवाल दिला होता, तो मात्र मागे घेतला नाही. माफी मागा, यादीत राहाल, असं वरून सांगण्यात आलं. मी मागितली नाही. यादीतून नाव गेलं. त्यांना त्या दिवशी जे बोललो त्याची आज मला लाज वाटते, आणि फलकावरच्या कापलेल्या फोटोचा राग तेवढाच आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

एक गोष्ट राहिली. घरभरणीच्या जेवणात हिराबाईनं वाढता वाढता विचारलं होतं, "माने, तो माण तालुका टायपिस्टची चूक नाय ना?"

नव्हती. तो मसुदा मी पहिल्यांदा करून घेतला तो माझ्या बहिणीसाठी. सुमन तिचं नाव. गावचं घर माझ्या नावावर करायचं होतं, साडी घेऊन गेलो, तिनं न वाचता सही केली. पुढे तोच मसुदा वापरत राहिलो, नावं बदलत. चौथ्या कलमातलं गाव बदलायचं राहून गेलं. किती बहिणींच्या कागदांत ते तसंच गेलं असेल, मी मोजलं नाही.

काम बंद केल्यावर मी गावच्या घरात सुमनचा निम्मा हिस्सा लावायचं ठरवलं. वकिलानं बक्षीसपत्र करून दिलं. त्यावर घेणाऱ्याचीही सही लागते, हे मला तेव्हा कळलं. ज्यानं सह्या आणण्यात हयात घालवली तो मी, गेल्या वर्षी कागद घेऊन तिच्या दारात बसलो. घराचं वाढलेलं मोल सांगितलं, माझं वय सांगितलं, पायरी उतरून परत आलो. तिनं हाक मारली नाही.

"दादा," ती म्हणाली, "साडी मी अजून नेसले नाही. कपाटात आहे. ती आधी घेऊन जा, मग बघू."

तिनं चहा दिला. मग माझं पेन टोपण लावून माझ्या खिशात ठेवलं. या भाऊबीजेला मी पुन्हा जाणार आहे. कागद तिनं वाचावा म्हणून या वेळी मोठ्या अक्षरात टाईप करून घेतला आहे.